पिग्मीवाल्याचं करिअर

‘मी फायनान्समध्ये आहे’ असं कुणी म्हटलं की आपल्याला काय दिसतं? बीकेसीतली काचेची बिल्डिंग, गळ्यात आयकार्ड आणि एमबीए. गेलाबाजार बीकॉम तरी. माझा मामेभाऊ पण फायनान्समध्ये आहे. हिंगोली जिल्ह्यात, वसमतला. बारावी झाली आणि मामा गेले. घरात आई, दोन बहिणी. कॉलेजचा विषय तिथंच संपला. गावात त्याला ‘पिग्मीवाला’ म्हणतात.

पिग्मी म्हणजे रोजची बचत. रोज संध्याकाळी दुकानं फिरायची, टपरीवाल्याकडून वीस रुपये, किराणावाल्याकडून शंभर गोळा करायचे आणि पतसंस्थेत भरायचे. आयडिया जुनी आहे. १९२८ मध्ये उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांनी, पुढे जिची सिंडिकेट बँक झाली त्या संस्थेत, रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली. २००१ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने बँकांच्या या एजंटांना कायद्याने ‘कामगार’ मानलं. पण लग्नाच्या बायोडेटात ‘पिग्मी एजंट’ लिहून बघा!

आता हिशेब करू. समजा शंभर दुकानं, प्रत्येकी सरासरी पन्नास रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. गोळा झाले एक लाख तीस हजार. कमिशन शेकडा तीन धरलं तर हातात ३,९०० रुपये. पेट्रोल त्यातच. एवढ्यात चार माणसांचं घर चालत नाही, बॉस.

म्हणून पिग्मी हा पगार नाही, ती ओळख आहे असं भाऊ म्हणतो. रोज शंभर दुकानांत जाणाऱ्याला कुणाच्या घरी बाळ झालंय, कुणाची गाडी नवी आहे, हे आधी कळतं. विम्याचा एजंट व्हायला दहावी पास आणि एक परीक्षा पुरते. पॉलिसीचं पहिल्या वर्षीचं कमिशन जाड असतं, बहिणीची फी त्यातून गेली. पुढची पायरी म्युच्युअल फंडाची. एनआयएसएमची परीक्षा, फी १,५०० रुपये, शंभर मार्कांचा पेपर, पन्नासला पास. डिग्री कुणी विचारत नाही. मग ॲम्फीचा एआरएन नंबर काढायचा. इथं कमिशन बारीक पण दरवर्षी येणारं. ग्राहकांचे एक कोटी फंडात असतील आणि वर्षाला पाऊण टक्का मिळत असेल, तर ७५ हजार होतात. आता वसमतमध्ये पाचशे-पाचशेच्या एसआयपीतून एक कोटी जमायला किती वर्षं लागतील, तुम्हीच मोजा. तोपर्यंत पिग्मी सुटत नाही.

आणि एक दार बंदच आहे. फंड विकणाऱ्याने स्वतःला ‘ॲडव्हायझर’ म्हणवून घ्यायचं नाही, असं सेबीने २०२० मध्ये ठरवलं. सल्ल्याची फी घ्यायला वेगळं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याला डिग्री लागते. मला हा नियम पटतो. पण गंमत अशी की त्या किराणावाल्याला आयुष्यात कधी कुणी आर्थिक सल्ला दिला असेल, तर तो या बारावी पास माणसानेच.

खरी भीती मात्र डिग्रीची नाही. २०२३-२४ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले आणि मराठवाडाभर लोक पासबुकं घेऊन रांगेत उभे राहिले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

‘ताई, संस्था बुडाली तर लोक चेअरमनला शोधत नाहीत, माझं घर शोधतात,’ भाऊ म्हणाला.

वसमतची हळद तुम्हाला माहीतच असेल, तिला २०२४ मध्ये जीआय मिळालाय. ती बाजारात आली की गावात एकदम पैसा येतो. तेव्हा कुणी दोन-तीन लाख घेऊन आलं, की हा त्यांना सांगतो, ‘काका, पिग्मी माझ्याकडं ठेवा. हे मोठे पैसे बँकेत टाका.’ त्या ठेवीवर याला एक रुपया मिळत नाही. मामी यावरून त्याच्याशी भांडते. पण पुढच्या हप्त्यात तेच काका आपल्या मुलाचं एसआयपीचं काम याच्याकडं घेऊन येतात. नेहमी नाही, कधी कधी.