गरिबाघरचे बटाटे

स्पेनच्या दक्षिणेस सिएरा नेवादा या हिमपर्वताच्या उतारावर त्रेवेलेस नांवाचें गांव आहे. उंची सुमारें १,४७६ मीटर. तेथील खाणावळींत दुपारचें पान दोनच्या सुमारास मांडतात, रात्रीचें नऊनंतर. आमच्या घरची वडील मंडळी तोंवर एक झोप काढून उठतील!

पदार्थ मात्र परके वाटूं नयेत. 'गरिबाघरचे बटाटे' म्हणजे बटाट्याच्या चकत्या, कांदा व ढोबळी मिरची हीं ऑलिव्हच्या तेलांत मंद आंचेवर शिजविलेलीं. 'मीगास' म्हणजे शिळ्या पावाचा चुरा लसणीसह तेलांत परतलेला. फोडणीच्या पोळीची आठवण होतेच.

परंतु गांवाची कीर्ति आहे ती 'हामोन'साठीं, म्हणजे मीठ लावून डोंगरवाऱ्यांत वर्षाहून अधिक काळ वाळविलेल्या डुकराच्या मांडीसाठीं. हिला एक दुःखद इतिहास आहे. येथील मुसलमान शेतकऱ्यांना सक्तीनें ख्रिस्ती केलें होतें. त्यांनीं १५६८ सालीं बंड केलें. तें मोडल्यावर त्यांना हांकलून उत्तरेकडील कुटुंबें येथें वसविण्यांत आलीं. त्या काळीं डुकराचें मांस टाळणाराकडे धर्मन्यायालय संशयानें पाही. ताटांत काय वाढलें आहे यावरून माणसाचा धर्म ठरे. त्या शेतकऱ्यांचे पाट आजही वाहतात व बदाम-अंजिरांचे मळे भिजवितात.

शाकाहारी प्रवाशानें बटाटे मागवितांना 'हामोन नको' असें आवर्जून सांगावें, कारण तेथें पुष्कळ जण त्यास मांसांत धरीतच नाहींत. वाढपी आतां फार तर चकित होतो, आणि एक अंडें अधिक हवें का, म्हणून विचारतो.