‘पर्मनंट’ कुणासाठी?

आमच्या सल्ला केंद्रात बाई आली की आधी अर्ज भरायचा असतो. त्यात ‘पर्मनंट पत्ता’ असा रकाना आहे. गेल्या महिन्यात एका बाईंपाशी माझं पेन तिथेच अडलं. सासरच्यांनी बाहेर काढलेलं, माहेरी भाऊ म्हणतो, ‘चार दिवस राहा.’ त्या म्हणाल्या, “ताई, पर्मनंट म्हणजे जिथून कुणी काढू शकत नाही, तेच ना? मग माझं नाही तसं कुठं.” एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात या शब्दाचा अर्थ इतका स्पष्ट कुणी सांगितला नव्हता.

मैत्रिणींनो, मूळ लॅटिनमध्येही अर्थ हाच : शेवटपर्यंत राहणारं. मराठीत ‘तो पर्मनंट झाला’ म्हटलं की पेढे वाटले जातात. पण बाईच्या वाट्याला हा शब्द कसा येतो ते पाहा.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पन्नास वर्षं झाली. योजना टिकली, पण ती चालवणाऱ्या ताई अजून मानधनावरच. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिळवावा लागला.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये ‘पर्मनंट’ पोटगी आहे. पण तिथेच पुढे लिहिलंय की परिस्थिती बदलली तर न्यायालय ती कमी किंवा रद्द करू शकतं.

एका बाबतीत मात्र हा शब्द बाईला हमखास मिळतो. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला ‘पर्मनंट पद्धत’ म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या दर १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींचं हे ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याचं झालेली जोडपी हजारात तीन! पुरुषाचं ऑपरेशन सोपं असूनही.

म्हणजे जिथे सोसायचं तिथे आपण पर्मनंट, जिथे मिळायचं तिथे टेंपररी.

म्हणून माझं म्हणणं, तो रकाना रिकामा सोडू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ सांगतं की घर बाईच्या नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. हा मालकी हक्क नव्हे, पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला तिथून काढता येत नाही.

त्या बाईंच्या अर्जावर आम्ही सासरचाच पत्ता लिहिला. आणि निवासाचा आदेश मिळावा म्हणून कलम १९ खाली मागणीही केली.