सिग्नलला दोष देण्याआधी

विमान पडलं की मैदानावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सिग्नल गेला!" मीही ते म्हटलंय. फोमचं विमान, चार सर्व्हो, आणि जरा जोर हवा म्हणून त्या दिवशी तीन सेलऐवजी चार सेलची लिपो लावलेली. पाचव्या मिनिटाला वळणावर विमानाने ऐकणं सोडलं आणि शेजारच्या तुरीत नाक खुपसलं. धापा टाकत पोचलो, तर शेपटीचं सुकाणू रिमोटबरोबर छान डुलत होतं. बॅटरीही अर्धी भरलेली. सिग्नल बिचारा जागेवरच होता.

गेला होता तो रेग्युलेटर. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीच्या पोटातच एक छोटा रेग्युलेटर असतो, त्याला आपण बीईसी म्हणतो. मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज 5 वर आणून तो रिसीव्हर आणि सर्व्होंना पुरवतो. स्वस्त ईएससीत तो बहुधा लिनियर जातीचा असतो, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून जाळून टाकणारा. हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे: जितके व्होल्ट उतरवायचे, गुणिले जितके अँपिअर खेचले जातात. तीन सेलच्या 11.1 व्होल्टवरून 5 वर यायचं आणि सर्व्हो 1 अँपिअर घेतायत, तर सुमारे 6 वॅट उष्णता. चार सेलच्या 14.8 वर तीच जवळपास 10 वॅट. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर कथील वितळतं, हे आठवा, आणि इथे 10 वॅट नखाएवढ्या चिपमध्ये कोंडलेत, तेही हवा न लागणाऱ्या खोबणीत. चिप तापते, स्वतःला वाचवायला बंद पडते, आणि तुरीत पडून गार झाली की पुन्हा शहाणी होते. माझं नेमकं तेच झालं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मोटरच्या विजेची जितकी काळजी घेता तिच्या दुप्पट रिसीव्हरच्या विजेची घ्या. मोटर थांबली तर विमान तरंगत उतरवता येतं. बॅटरी उतरली की ईएससी आधी मोटर तोडतो आणि बीईसी चालू ठेवतो, तो याचसाठी. पण रिसीव्हर उपाशी राहिला तर सुकाणूच नाही. बरेच रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास मान टाकतात. व्होल्टेज परत आलं तरी रिमोटशी पुन्हा जुळायला क्षण जातात, आणि ताशी 60 किलोमीटरने जाणारं विमान एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे गेलेलं असतं.

चार सेल किंवा त्याहून मोठी बॅटरी असेल, अथवा डिजिटल सर्व्हो असतील, तर स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी घ्या. तो व्होल्टेज जाळत नाही, झपाझप चालू-बंद करून कॉइलमधून उतरवतो, त्यामुळे फार कमी तापतो. मात्र तो थोडी विद्युत कुरकुर करतो, त्याला रिसीव्हरपासून आणि अँटेनापासून लांब चिकटवा. वेगळा बीईसी लावलात की ईएससीच्या प्लगमधली लाल तार बाहेर काढून टेपने बंद करा. दोन रेग्युलेटर एकाच गाड्याला जुंपू नका.

मोठ्या विमानाला मी रिसीव्हरची स्वतंत्र बॅटरीच देतो. दोन सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट 6.6 व्होल्ट देते, मध्ये रेग्युलेटर लागत नाही. सर्व्हो तेवढं व्होल्टेज सोसतात का, हे आधी त्यांच्या कागदावर वाचा, कारण नुकती चार्ज केलेली बॅटरी थोडं जास्तच दाखवते. दोन सेलची लिपो भरल्यावर 8.4 व्होल्ट असते. ती थेट 6 व्होल्टच्या सर्व्होंना जोडणं म्हणजे त्यांची होळी.

परीक्षा घरीच घ्या. प्रोपेलर काढा. हे वाक्य पुन्हा वाचा, बोटं दहाच असतात. रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मल्टिमीटर लावून दोन मिनिटं सगळ्या काड्या एकाच वेळी जोरात फिरवा. 5 व्होल्टचा बीईसी 4.8 च्या खाली घसरत असेल किंवा हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर ते विमान उडवू नका.

लिपोचं थोडक्यात. एका सेलला 4.2 च्या वर नाही, 3 च्या खाली कधीच नाही, ठेवून द्यायची तर 3.8. 2200 एमएएचची बॅटरी 2.2 अँपिअरने, बॅलन्सची तार जोडून चार्ज करा आणि जवळ बसा, जेवायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी "अजून एक फेरी होईल" म्हणून लावू नका. मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत विसरणारे महाभाग मी पाहिलेत, आणि विदर्भातल्या उन्हात तर ती डिकी तंदूरच.

येत्या रविवारी मैदानावर येताना मल्टिमीटर आणा. नसेल तर माझा घ्या, पण परत द्या. मागच्या खेपेला कोणीतरी नेलाय, तो अजून आलेला नाही.