राजा कोणीही असो, फलक कुठाय?

फँटसी सिरीजचं एक बरं असतं. ड्रॅगन, तलवारी, दगाफटका असं सगळं उरकलं की लेखक हमखास एक बंदराचं शहर आणतो. तिथे राजा नसतो, असते ती कौन्सिल. जहाजांचे मालक, मसाल्याचे व्यापारी, सावकार असे दहा-पंधरा जण एकत्र बसतात आणि शहराचं काय करायचं ते ठरवतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या दुसऱ्या सीझनमधलं (२०१२) कार्थ आठवतंय? डेनेरिस तहानलेली माणसं घेऊन वेशीपाशी येते आणि तिला आत घ्यायचं की नाही हे ठरवायला बाहेर येतात ते 'तेरा जण'. सिंहासनावरच्या राजापेक्षा हे लोक आपल्याला जास्त ओळखीचे वाटतात. कारण सिंपल आहे. ते आपल्यासारखीच हिशेबाची भाषा बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, असली शहरं टीव्हीवरच. तर बॉस, 'तेरा'वरून आपण जरा 'तेर'ला जाऊ या.

तेर, जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद). तेरणेच्या काठावरचं, संत गोरोबाकाकांचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि तेरणेत जहाज सोडायचं म्हटलं तर ते कागदाचंच सोडावं लागेल. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव परदेशी खलाशांना पाठ होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासवहीत ते 'तगर' म्हणून येतं. हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांवर, आणि ते फार मोठं शहर आहे, असं ही वही सांगते. जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल इथून गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजात. म्हणजे बंदर भडोचला आणि गोडाऊन मराठवाड्यात! तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आज गावात आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघा. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात सापडली. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं ते सन ७९ मध्ये. ग्लोबलायझेशन १९९१ मध्ये सुरू झालं असं समजणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

एवढा व्यापार चालायचा तो कुणाच्या भरवशावर? राजाच्या? राजे तर तेव्हा एकमेकांचा धंदा बसवण्यात बिझी होते. कल्याण बंदराची अशी कोंडी झाली होती की तिथे चुकून एखादं ग्रीक जहाज लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. ही तक्रारही 'पेरिप्लस'मध्येच आहे. म्हणजे ही शहरं कार्थसारखी स्वतंत्र वगैरे नव्हती. वर राजा होताच. तरीही शहराचं स्वतःचं एक घर होतं. त्याचा सगळ्यात भारी पुरावा त्याच काळातल्या नाशकात सापडतो, पांडवलेणीच्या भिंतीवर.

दहा नंबरच्या लेण्यात उषवदात नावाच्या बड्या माणसाचा लेख कोरलेला आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. सत्ता घरात, पैसा खिशात. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेवले. पण कुठे ठेवले? सासऱ्यांच्या खजिन्यात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. एकीकडे दोन हजार, महिना एक टक्का व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना पाऊण टक्का. मूळ रक्कम काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आपण ज्याला एफडी म्हणतो ती हीच! आता कॅलक्युलेटर काढा. दोन हजारांवर वर्षाचं व्याज २४० होतं. लेखात लिहिलंय की वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा द्यायचे. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब चोख.

पण खरी गंमत पुढच्या ओळीत आहे. हा सगळा व्यवहार 'निगमसभेत' ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे 'फलकवारा'त, म्हणजे दप्तरात, नोंदवला गेला, असं हा लेख सांगतो. निगमसभा म्हणजे शहरातल्या व्यापारी-कारागिरांची सभा. जरा विचार करा. राजाचा जावई पैसे देतोय, दानधर्म करतोय, तरी त्याला शहराच्या सभेत ते जाहीर करावं लागतंय आणि नोंद करावी लागतेय. 'मला कोण विचारणार' असा अ‍ॅटिट्यूड चालत नव्हता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे मारले. १९०६ मध्ये जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातली बरीचशी अशी पुन्हा ठोकलेली. नाण्यावरचा चेहरा एका हातोड्यात बदलता येतो. सभेत सगळ्यांसमोर वाचलेला हिशेब बदलायचा तर ऐकणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं.

आणि ही सवय नंतरही दिसते. नवव्या ते तेराव्या शतकात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांवर शिलाहार राजांचा अंमल होता. राज्य कोकणात, पण बिरुद काय लावायचे? 'तगरपुरवराधीश्वर'. श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी! गाव सुटलं तरी गावाचं नाव मिरवायचं, ही आपली जुनीच खोड. हे राजे दानपत्र लिहिताना हुकूम ऐकणाऱ्यांच्या यादीत 'हंजमन-नगर-पौर' अशांचा उल्लेख करतात. पौर म्हणजे शहरवासी, आणि 'हंजमन' हा शब्द फारसी 'अंजुमन'वरून आला असं अनेक अभ्यासक मानतात. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या, संजाण बंदराच्या १०३४ च्या ताम्रपटात तर या मंडळींची नावंही दिलीत. त्यात अलिय आणि मधुमत आहेत. अली आणि महंमद! बंदराच्या शहराचा निर्णय ऐकायला समुद्रापलीकडून आलेली माणसंही हजर. फँटसी लेखकाने एवढं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय इमॅजिनेशन आहे!

आता या निगमसभेला फार हार घालायला नकोत. तिथे श्रीमंतांचाच आवाज मोठा असणार. विणकराच्या घरी सूत काढणारी बाई त्या सभेत बसली असेल असं मला तरी वाटत नाही. आपल्याकडे प्रत्येकाला मत आहे आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या सभांना घटनेतच जागा दिली. कागदावर आपण मैलोन्‌मैल पुढे आहोत.

कागदावर. कारण परवापरवापर्यंत काय चित्र होतं? पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. नगरपरिषदांतही तोच कारभार. प्रस्तावही त्यांचा, मंजुरीही त्यांचीच. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. बंदराचं सगळ्यात मोठं शहर चार वर्षं कौन्सिलशिवाय चाललं आणि आपण वीकेंडचे प्लॅन करत राहिलो. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाहीये. कदाचित उत्तम असतील. प्रश्न असा की शहराचा पैसा कुठे गेला हे ज्या सभागृहात मोठ्याने वाचलं जातं, ते बंद होतं, आणि त्याचा आवाज येत नाही हे आपल्याला जाणवलंच नाही.

धाराशिवहून पुण्यात आलेल्या मित्रमैत्रिणींशी याबद्दल बोला. मतदार यादीत नाव गावाकडे, राहणं वाकडला, टॅक्स इथे, पाण्याची तक्रारही इथेच. सोसायटीच्या जनरल मीटिंगमध्ये पार्किंगवरून तास-तास भांडतील, पण प्रभागाचा नगरसेवक कोण ते विचारा, गूगल उघडतील. इकडची सभा आपली नाही आणि तिकडची आता उरली नाही. तगरचे व्यापारीही तीस-तीस दिवस प्रवास करून बंदर गाठायचे, पण माल कुठल्या सभेच्या भरवशावर ठेवायचा हे त्यांना ठाऊक असणार. आपण ईएमआय वीस वर्षांचा घेतो आणि शहराची चौकशी वीस मिनिटंही करत नाही.

करायचं काय? मोर्चा नको, फेसबुकवर क्रांती तर नकोच. एकच छोटी गोष्ट. तुमच्या नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. तिथे काय ठरलं, किती पैसे, कुणाला, सगळं त्यात असतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की अशी बरीचशी माहिती मागायचीही गरज नाही, कार्यालयाने ती आपणहून मांडायला हवी. म्हणजे फलकवार आजही आहे, फक्त त्यावर धूळ बसलीय.

पुढच्या दिवाळीत गावी जाल तेव्हा तेरच्या म्युझियममध्ये ती हस्तिदंती मूर्ती जरूर बघा, सेल्फीही काढा. आणि दिवाळीची सुट्टी संपून कार्यालय उघडलं की परतीची गाडी पकडण्याआधी धाराशिवच्या नगरपरिषदेत दहा मिनिटं डोकावून विचारा, "साहेब, मागच्या सभेचे ठराव कुठे वाचायला मिळतील?"