स्ट्रॉ टोचण्याआधी

सकाळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. अड्याळ, आसगाव, कोंढा अशा गावांकडून आलेल्या एसट्या पवनीच्या बसस्थानकावर रिकाम्या होतात. पहिलं लेक्चर गाठायचं असतं आणि पोटात चहाशिवाय काही नसतं. मग टपरीवर दहा-वीस रुपये द्यायचे, ज्यूसचा डबा घ्यायचा, स्ट्रॉ टोचायची आणि चालता चालता संपवायचा. वर मनाला समाधान, की आपण कोल्ड्रिंक नाही, फळाचा रस प्यायलो!

खरंच प्यायलात का? एकदा डबा उलटा करून बघा. पुढे रसरशीत फळाचं चित्र असतं, मागे बारीक अक्षरांत खरी हकिगत. 'फ्रूट ड्रिंक' असं लिहिलं असेल, तर आपल्या देशाच्या नियमानुसार त्यात फळाचा रस किमान 10 टक्के असला की पुरतो. लिंबाच्या पेयाला तर 5 टक्केही चालतात. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साखर. 'ज्यूस' लिहिलेला डबा त्यापेक्षा बरा, पण तिथेही बऱ्याचदा रस आटवून घट्ट केलेला असतो आणि नंतर पाणी घालून पुन्हा पातळ केलेला असतो. अशा रसावर '100 टक्के फळांचा रस' असा दावा छापू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे 'एफएसएसएआय'ने, जून 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं.

आता मुद्दा जीवनसत्त्वांचा. 'सी' जीवनसत्त्व मोठं नाजूक. पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि हवेने नष्ट होतं. याचा धडा जगाला फार पूर्वी मिळाला. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमाराच्या डॉक्टरने स्कर्व्हीने आजारी पडलेल्या 12 खलाशांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू खाणारी जोडी सगळ्यांत लवकर बरी झाली. पण पुढे रस जहाजावर टिकावा म्हणून लिंडनेच तो आटवून ठेवायला सुचवलं आणि त्या आटवलेल्या रसाचा गुण येईना. फळ तेच, पण आचेवर 'सी' उडून गेलं होतं.

आजचं तंत्र त्याहून पुष्कळ सुधारलं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. रस थोडाच वेळ तापवतात, हवाबंद भरतात. शिवाय बऱ्याच डब्यांत 'सी' वरून घालतात. घटकांच्या यादीत 'अँटिऑक्सिडंट 300' दिसलं, तर ते हेच, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. आंब्यातलं 'ए' जीवनसत्त्व देणारं कॅरोटिन तर उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळे 'डब्यात जीवनसत्त्वं नसतातच' असं म्हणणं खोटं ठरेल.

मग फरक कुठे? जे परत घालता येत नाही तिथे. जीवनसत्त्व चिमूटभर घालता येतं. पण फळाचा चोथा, त्याचं तंतूंचं जाळं आणि चावून खाण्याने येणारी तृप्ती डब्यात भरता येत नाही. एका बैठकीत चार संत्री सोलून खा बरं! दोन झाली की हात थांबतो. रस मात्र चार संत्र्यांचा असला तरी दोन मिनिटांत संपतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या फळातली साखर वेगळी धरते आणि रसातली साखर चहातल्या साखरेच्या रांगेत बसवते. हिशेब सोपा आहे. डब्यावर 100 मिलिलिटरला 12 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 200 मिलिलिटरच्या डब्यात 24 ग्रॅम. म्हणजे सहा चमचे. एवढी साखर चहात घातली, तर आपण कप परत करू.

आणि आता आपल्या गावाकडे बघा. थंडीत हातगाड्यांवर जांब येतो, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात. 100 ग्रॅम जांबात 'सी' 200 मिलिग्रॅमहून जास्त. नागपुरी संत्र्यात ते साधारण 40 ते 50. आपली दिवसाची गरज मुलांना 80 आणि मुलींना 65 मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या जांबात काम भागतं! आवळा तर जांबाच्याही तोडीचा. पपई जवळजवळ वर्षभर मिळते. हे सगळं स्वस्तातलं, म्हणून आपल्याला साधं वाटतं, एवढंच.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी हा विषय जास्त गंभीर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. सतत थकवा, जिना चढताना दम, वर्गात डोळे मिटणं, याला आपण 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून मोकळ्या होतो. डाळ, हरभरा, पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही; सोबत 'सी' असेल तर जास्त घेतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर उलट कमी घेतं. तेव्हा डब्यातल्या भाजी-पोळीसोबत जांबाच्या चार फोडी असू द्या आणि चहा तासाभराने घ्या. रक्तक्षय जास्त असेल तर फळावर भागणार नाही. हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्याच.

गाडीवरचं सगळंच चांगलं, असंही नाही. उघडी कापून ठेवलेली फळं, माशा, कुठल्या पाण्याचा कोण जाणे असा बर्फ घातलेला रस, यापेक्षा बंद डबा परवडला. फळ अख्खं घ्या, धुवा आणि सालीसकट खाण्यासारखं असेल तर सालीसकट खा.

डबा कधीच पिऊ नका, असं कोणी म्हणत नाही. वाढदिवसाला, प्रवासात चालतंय की! फक्त त्याला फळ समजू नका आणि त्यावर रोजचा नाश्ता ढकलू नका. कॉलेजच्या कँटीनमध्ये काउंटरवर चिप्सच्या माळा लटकतात. तिथे एक टोपली जांब-केळीची ठेवा, अशी मागणी चार जणांनी मिळून केली, तर कँटीनवाले दादा नाही म्हणणार नाहीत. विकलं जातं ते ते ठेवतातच.

उद्या सकाळी एसटीतून उतरलात, की टपरीच्या आधी हातगाडीकडे एक नजर टाका. पैसे तेवढेच लागतील आणि पहिल्या लेक्चरपर्यंत पोटाला आधारही राहील.