चार आरमारांची विनाशिका

संरक्षण निर्यातीचा आकडा जाहीर झाला की आपल्याकडे छाती फुगवायची पद्धत पडली आहे. 2024-25 मध्ये तो 23,622 कोटी रुपयांवर गेला. आनंद आहे. पण विकलेल्या शस्त्राचं पुढे काय होतं, असं कुणी विचारलं की मंडळी अशी बघतात, जणू भर लग्नात घटस्फोटाचा विषय निघाला. म्हणून आज एका जहाजाची गोष्ट.

'मेंडिप' ही ब्रिटिश विनाशिका. हंट वर्गातली, म्हणजे लहानखुरी, काफिल्यांच्या राखणीसाठी बांधलेली. (या वर्गातल्या जहाजांना कोल्ह्यांची शिकार करणाऱ्या मंडळांची नावं दिली होती. साहेबाचे शौक!) 1940 साली वॉलसेंडच्या गोदीत पाण्यात उतरली, उत्तर समुद्र, सिसिली, नॉर्मंडी असं सगळं महायुद्ध पाहून धडधाकट राहिली. इथवर कुणाचीच तक्रार नाही.

1948 मध्ये ब्रिटनने ती चँग कै-शेकच्या आरमाराला दिली. तिथे तिचं नाव 'लिंगफू', कम्युनिस्टांशी लढताना आदल्याच वर्षी मेलेल्या एका सेनापतीवरून. तिच्या जोडीने 'ऑरोरा' ही मोठी क्रूझरही दिली होती, ती झाली 'चुंगकिंग'. वर्षही पुरतं सरलं नाही तोच, फेब्रुवारी 1949 मध्ये, 'चुंगकिंग'चे खलाशी जहाजासकट कम्युनिस्टांना जाऊन मिळाले. आता ब्रिटनला घाम फुटला. 'लिंगफू' हाँगकाँगमध्ये घाईघाईने परत ताब्यात घेतली गेली.

यातून शहाणपण काय आलं? त्याच वर्षी ती इजिप्तला विकली. नाव दोनदा बदलून शेवटी 'इब्राहिम अल-अव्वल' झालं.

1955 मध्ये तर ब्रिटनने कमालच केली. झेड मालिकेतल्या चार विनाशिकांपैकी दोन इजिप्तला आणि दोन इस्रायलला विकल्या. याला म्हणतात समतोल! दोघांच्या हातात सारखीच काठी दिली की भांडण होत नाही, असं यांचं शास्त्र.

वर्षभरात सुएझ पेटलं. 31 ऑक्टोबर 1956 च्या पहाटे 'इब्राहिम अल-अव्वल'ने हैफा बंदरावर गोळे टाकले. 'केरसां' या फ्रेंच विनाशिकेने तिच्यावर तोफा डागल्या, त्या लागल्या नाहीत. मग इस्रायलच्या 'एलात' आणि 'याफो' तिच्या मागे लागल्या. म्हणजे त्याच झेड जोडीतल्या, ब्रिटननेच विकलेल्या. वरून विमानांनी रॉकेटं मारली, सुकाणू निकामी झालं, पांढरं निशाण चढलं. पळणारी ब्रिटिश बनावटीची, पाठलाग करणाऱ्याही ब्रिटिश बनावटीच्या. त्याच रात्री सुएझच्या आखातात 'न्यूफाउंडलंड' या ब्रिटिश क्रूझरने इजिप्तची 'दोमियात' ही फ्रिगेट बुडवली. ही 'दोमियात' पूर्वीची 'निथ', ब्रिटनच्याच आरमारातली. आपण विकलेलं जहाज आपणच बुडवायचं, आणि त्यावरची इजिप्शियन पोरं बुडून मेली त्याचं उत्तर 'समतोला'च्या फायलीत शोधायचं.

आपली विनाशिका ओढत हैफाला नेली. जिच्यावर गोळे टाकले त्याच बंदराचं नाव तिला मिळालं, 'हैफा'. पुढे इस्रायलने क्षेपणास्त्रांच्या चाचणीत लक्ष्य म्हणून तिला समुद्राच्या तळाशी पाठवलं. आणि 'एलात'? तिला 21 ऑक्टोबर 1967 रोजी पोर्ट सईदजवळ इजिप्तने बुडवलं, या वेळी रशियन क्षेपणास्त्रांनी. 47 माणसं गेली. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: आपण नाही विकलं तर दुसरा विकेल. बरं, विकेल. म्हणून काय? गावात दारूचं दुसरं दुकान निघणारच म्हणून पहिल्या दुकानदाराला कुणी पुण्यवान म्हणत नाही. दुसरं उत्तर जरा बरं आहे: विकताना ते सरकार मित्र होतं. पण 'लिंगफू' नेमकं तेच सांगते. जहाज सरकारला विकलं जात नाही, त्या देशात उद्या जो कुणी गादीवर बसेल त्याला विकलं जातं. पोलादाचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं, मैत्रीचं किती ते बघा.

हे सगळं साहेबाचं पाप, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर अलीकडची गोष्ट. 'सिंधुवीर' ही रशियात बांधलेली, 1988 पासून आपल्या नौदलात असलेली पाणबुडी 2020 मध्ये आपण म्यानमारला दिली. डिसेंबरात ती त्यांच्या नौदलात दाखल झाली. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने तिथलं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पाणबुडीतून कुणी मोर्च्यावर गोळ्या झाडत नाही, हे मलाही कळतं. चीनला शह द्यायचा होता, हेही कळतं. पण जिच्या मागे पाच वर्षं निवडून आलेलं सरकार होतं ती पाणबुडी दोन महिन्यांत नुसत्या सेनापतींची झाली, त्याची चर्चा आपल्याकडे किती झाली?

आपल्याकडे अशा व्यवहाराला संसदेची मंजुरी लागत नाही. मंत्रालय ठरवतं आणि वर्षाअखेर एक आकडा येतो. पुढच्या वेळी त्या आकड्यासोबत घेणाऱ्या देशांची नावं आणि फेरविक्रीच्या अटीही छापून याव्यात. 'कोणाला' आणि 'कशासाठी' हे दोन रकाने त्या तक्त्यात सहज मावतील.