घोड्याचा खोकला आणि मालकाची भीती

माथेरानच्या तांबड्या मातीत पर्यटकांना फिरविणारा घोडा खोकू लागला, की मालक पहिला दोष धुळीला देतो. पुष्कळदा तो बरोबरही असतो. वैरणीतील धूळ व बुरशी यांनी घोड्याला दम्यासारखा विकार जडतो. ताप नसतो, मात्र विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६ वेळा चालणारा श्वास वाढतो, नाकपुड्या फुगतात आणि श्वास सोडताना पोटाच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. वैरण भिजवून दिल्यावर व जनावर मोकळ्या हवेत ठेवल्यावर उतार पडला, तर निदानाला बळकटी मिळते.

ताप असेल तर मात्र प्रश्न बदलतो. जबड्याखालील गाठी सुजून नाकातून पू येऊ लागला, तर स्ट्रँगल्सची शंका येते. अनेक जनावरे एकाच वेळी खोकू लागली, तर इन्फ्लुएन्झाची. २००८ मध्ये जम्मूतील कटरा येथून सुरू झालेली त्याची साथ पुढे अनेक राज्यांत पसरली होती.

शर्यतीच्या घोड्याच्या घशात दुर्बीण घालून स्वरयंत्राचा पक्षाघात किंवा फुफ्फुसातील रक्तस्राव पाहता येतो, श्वासनलिकेतील स्रावही तपासता येतो. भाड्याच्या तट्टाच्या वाट्याला फार तर स्टेथोस्कोप येतो. निदानातील ही दरी केवळ पैशाची नाही. भीती आहे ती ग्लँडर्सची.

महाराष्ट्रात २००६ मध्ये पुन्हा आढळलेला हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. संसर्ग सिद्ध झाल्यास २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगविषयक कायद्यानुसार जनावराला दयामरण दिले जाते. भरपाईची तरतूद आहे. पण ज्याचे घर एका घोड्यावर चालते, तो नाकातील स्राव पुसून जनावर पुन्हा कामावर नेण्याचा मोह कसा टाळणार? असा लपविलेला घोडा इतरांबरोबर एकाच हौदावर पाणी पितो, हा खरा धोका.

केवळ लक्षणांवरून ग्लँडर्स ठरविता येत नाही, हे मालकांपर्यंत पोहोचलेलेच नाही. त्यासाठी रक्ताची चाचणी लागते, आणि हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे त्याचे देशातील प्रमुख ठिकाण. तेथून अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा बांधून ठेवावा लागतो. भाडे बंद होते, चंदी मात्र रोज लागतेच.